चोरीला गेलेली भेग

१

भिंतीतली एक भेग नाहीशी झाली तर भाच्याला काय काय मिळणार होतं?

मोक्याच्या कोपऱ्यावरची जागा. दोन मजले. एकोणीस जिने, त्यांतले चारच कुठेतरी पोचतात. छताला उलटा टांगलेला सोफा. एक दार, जे उघडलं की मागे तेच दार असतं. आणि एक म्हातारी मावशी, जिची दुसरीकडे सोय लावावी लागली असती. मावशी वजा केली तरी नफाच नफा.

हे घर त्याच्या मामानं बांधलं होतं. मामा चित्रकार, आणि तोही स्वप्नात दिसतं तेच खरं मानणाऱ्यांतला. संग्रहालयात चित्रं टांगायची ही त्याला कल्पनेची गरिबी वाटे. संग्रहालयच चित्र असायला हवं, असं म्हणत त्यानं बावीस वर्षं हे घर घडवलं. गाव त्याला ‘उफराटं घर’ म्हणायचं आणि पाहुणे आले की तिकीट काढून दाखवायला न्यायचं.

मरताना चित्रकारानं मृत्युपत्रात लिहिलं होतं : ‘या घरात मी पुरी केलेली प्रत्येक वस्तू दहा वर्षं जागच्या जागी, जशीच्या तशी राहिली, तर घर कायमचं गावाचं, आणि माझ्या बहिणीनं हयातभर तिथं राहावं. एकही हरवली किंवा बदलली, तर घर भाच्याचं.’

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी वकिलांनी घरातल्या वस्तूंची यादी केली. चारशे सतरा भरल्या. काल त्याला जाऊन दहा वर्षं झाली. आज दुपारी चार वाजता मोजणी.

आणि आज सकाळी नऊ वाजता चित्रकाराची बहीण आक्का हातात फडकं घेऊन तिरक्या खोलीत गेली, ती तश्शीच बाहेर पळत आली.

यादीतला क्रमांक दोनशे बारा गायब होता. दोनशे तेरा आणि दोनशे चौदाही.

म्हणजे भिंतीतली एक भेग, भेगेभोवतीचं खडूचं वर्तुळ आणि गवंड्याची एक थापी.

२

‘‘थापी चोरीला जाते, हे समजू शकते मी. पण भेग कशी नेली? पिशवीत घालून?’’ पावतीबाई म्हणाल्या.

पावतीबाई आक्काच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. त्यांची तीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत गेली. सख्ख्या सासऱ्यांनाही पावती दाखवल्याशिवाय त्यांची छत्री दिली नव्हती, तेव्हापासून हे नाव. हजारो छत्र्या, पोतंभर चष्मे आणि एक लाकडी पाय त्यांच्या हाताखालून गेला होता. पायाचा मालक चालत आला आणि चालत गेला, ते कसं हे कोडं मात्र त्यांना आजवर सुटलं नव्हतं. बाकी माणसांचं त्यांना सगळं कळे. निम्म्या चोऱ्या लोभानं होत नाहीत, हाताच्या सवयीनं होतात, असं त्यांचं मत होतं.

‘‘हसू नकोस गं,’’ आक्का रडवेली झाली. ‘‘चारला मोजणी आहे. चार वाजून पाच मिनिटांनी मी रस्त्यावर.’’

‘‘अगं, तीसेक वर्षं या घराला शिव्या देतेयस.’’

‘‘देईन! माझ्या घराला मी देईन. दुसऱ्यानं का द्याव्यात?’’

तिरकी खोली नावाप्रमाणे तिरकी होती. आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप डावीकडे घरंगळे. त्यामुळे तिथं पहारेकरी टिकत नसे. डाव्या भिंतीत मनगटाएवढी रुंद, विजेसारखी वाकडी भेग होती. तिच्याभोवती खडूचं मोठं वर्तुळ, शेजारी तिवईवर थापी, आणि खाली चुना गोठून दगड झालेली बादली. या चौघांच्या भोवती दोरी, आणि दोरीला पाटी : ‘अपूर्णता’. एका समीक्षकानं या अपूर्णतेवर सोळा पानं लिहिली होती, तीही अपुरी पडली म्हणून पुढे पुरवणी जोडली होती.

आता बादली तेवढी उरली होती. भिंत सपाट होती.

पावतीबाई दोरी ओलांडून गेल्या आणि त्यांनी तळहात भिंतीला लावला.

‘‘गार आहे. ओलसर. कालचा गिलावा आहे हा.’’ मग चष्मा पुढे करून म्हणाल्या, ‘‘आणि काय सुरेख काम! खडे दाबून भरलेत, वरून हात असा फिरवलाय की नख अडकत नाही. हे निळं काय गं?’’

नव्या गिलाव्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या डावीकडे अर्ध्या नखाएवढा निळा डाग होता. उजवीकडे तसाच एक. गिलावा करणाऱ्यानं दोन्ही डागांना जपून हात फिरवला होता.

‘‘दादाचा अंगठा,’’ आक्का म्हणाली. ‘‘काम मनासारखं पुरं झालं की निळ्या रंगात बुडवून उठवायचा. सोफ्याच्या पोटावर आहे, दाराच्या कडीवर आहे. छताला भोक पाडलंय ना, त्याच्या काठावरही आहे. मी केलेल्या चहावर मात्र कधी उठवला नाही हो!’’

‘‘आणि खडूचं वर्तुळ?’’

‘‘ती त्याची दुसरी खोड. चल, दाखवते.’’

आक्काच्या मागच्या खोलीत टेबलावर खडूचा एक फिकट गोल होता. आक्कानं नाकावरचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढला आणि बरोबर त्या गोलात ठेवला.

‘‘काडी मोडली होती. तो जायच्या आदल्या दिवशी त्यानं चष्म्याभोवती हा गोल काढला. दहा वर्षांत मी टेबल पुसलं नाही.’’

पावतीबाई गोलाकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘चहा टाक. आणि काल घरात कोण कोण होतं, त्यांना बोलाव. चोर अडाणी नाही, आक्के. चोर कारागीर आहे.’’

३

पहिला आला भाचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात मोजपट्टी.

‘‘काल तुम्ही इथं होतात,’’ पावतीबाई म्हणाल्या.

‘‘होतो की! लपवायचं काय त्यात? जिने मोजत होतो. हॉटेल काढायचं तर जिने सरळ करावे लागतील.’’ मग आक्काकडे वळून म्हणाला, ‘‘मावशी, तुला छान फ्लॅट घेऊन देतो. सरळ जिना, सरळ दार.’’

‘‘सरळ जिना चढून मी जाऊ कुठं?’’ आक्का म्हणाली.

‘‘तिरक्या खोलीत गेला होतात?’’ पावतीबाईंनी विचारलं.

‘‘नाव काढू नका. एकदा गेलो होतो, तर दोन दिवस तिरकाच चालत होतो. काय हरवलंय म्हणालात, थापी? असेना! मला सोफा हरवला तरी चालेल, फक्त काहीतरी हरवायला हवं.’’

पावतीबाईंनी त्याचे हात बघितले. मऊ, गुलाबी, नखं कापलेली.

तो गेल्यावर आक्का फणकारली. ‘‘हाच तो! चोराच्या मनात चांदणं.’’

‘‘नाही गं. याला घर हवंय, तर हा एखादी काचेची गोळी खिशात घालून घरी जाईल. तासभर घाम गाळून भिंत कशाला दुरुस्त करील? नुकसान करणारा माणूस इतकं छान काम करत नसतो.’’

दुसरी आली तिकीटवाली. खिडकीत बसायची, पिशव्या तपासायची आणि वहीत पाहुण्यांचे अभिप्राय टिपून घ्यायची.

‘‘काल काही वेगळं घडलं?’’

‘‘इथं रोजच वेगळं घडतं हो बाई. काल तीनच्या सुमारास तिरक्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या.’’

‘‘टाळ्या?’’

‘‘चार-पाच पाहुणे होते आत. बाहेर येऊन म्हणाले, प्रयोग फार सुंदर झाला. मला वाटलं, खोलीलाच वाजवल्या असतील. वाजवतात कधीकधी.’’

‘‘आणि त्यांच्या मागून कोण आलं?’’

तिकीटवालीचा चेहरा उजळला. ‘‘रसिक आले! मी त्यांना रसिकच म्हणते. नाव माहीत नाही. दरवर्षी याच तारखेला येतात, तिकीट काढतात, दुसरं काही बघत नाहीत. थेट तिरकी खोली. दोन तास त्या थापीपुढे उभे. डोळ्यांत पाणी असतं हो! कालचं दहावं वर्ष. एवढा मोठा जाणकार मी बघितला नाही. समीक्षकसुद्धा वीस मिनिटांत खाली आले होते.’’

‘‘पिशवीत काय होतं?’’

‘‘जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. आम्ही लोखंडाचं काही आत नेऊ देत नाही, पण डब्याला काय हरकत? जाताना पिशवी कोण तपासतं? रिकामी बाटली हातात होती. हात मात्र चांगले पांढरे झाले होते. मी म्हटलं, भिंतीला टेकलात वाटतं.’’

‘‘काही बोलले?’’

तिनं वही उघडली. ‘‘मागच्या वर्षी बोलले होते. एकच वाक्य, पण काय खोल! ‘ही भिंत आता फार दिवस टिकायची नाही.’ मी लाल शाईनं लिहून ठेवलंय.’’

पावतीबाईंना चहाचा ठसका लागला. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आता वकिलांना लवकर बोलवा. या थापीला दहा वर्षांपूर्वी कुणीतरी हाक मारलीय, आणि ती वकिलांनी ऐकली असणार.’’

४

वकील तीनला आले. कोट, फाइल, आणि चेहऱ्यावर निकाल आधीच लिहिलेला.

‘‘मला वाईट वाटतं आक्का, पण यादी म्हणजे यादी. तीन वस्तू कमी. मी काय करणार?’’

‘‘साहेब, एक विचारू?’’ पावतीबाई गोड आवाजात म्हणाल्या. ‘‘मी तीस वर्षं हरवलेलं सामान सांभाळलं. दोन पैशांची छत्री असली तरी मालक एकदा येऊन विचारून जातोच. या थापीबद्दल कुणी विचारलं नाही?’’

वकिलांचे कान आधी लाल झाले, मग गाल.

‘‘तसं... एक पत्र आलं होतं. पहिल्याच वर्षी.’’

‘‘दाखवा.’’

‘‘अहो, या घराबद्दल दर महिन्याला पत्रं येतात! एकानं लिहिलं की छतावरचा सोफा माझ्या स्वप्नातून चोरलाय, परत करा. कुणाकुणाला उत्तरं द्यायची?’’

पण पत्र फाइलमध्ये होतं. वकील वाटेल ते करतील, कागद फेकणार नाहीत. पावतीबाईंनी मोठ्यानं वाचलं : ‘‘माझी थापी तुमच्याकडे राहिली आहे. मुठीवर वडिलांच्या बोटांचे खळगे आहेत, त्यावरून ओळख पटेल. कृपा करून द्यावी. भिंतीचं कामही राहिलं आहे, ते येऊन करून देतो. मी शब्द दिला होता.’’

आक्का उठून उभी राहिली. ‘‘आमचा गवंडी! दादाच्या सगळ्या भिंती त्यानंच वाकड्या केल्या.’’

‘‘हे मला तेव्हा कळलं असतं तर...’’ वकील पुटपुटले.

‘‘तुम्हाला कळलं होतं,’’ पावतीबाई म्हणाल्या. ‘‘पण तोपर्यंत समीक्षकाची सोळा पानं छापून आली होती. थापी ही थापीच आहे म्हटलं असतं, तर गाव तुमच्या यादीला हसलं असतं. खोटं बोलतेय का मी?’’

वकिलांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

तेवढ्यात तिकीटवाली धापा टाकत आत आली. ‘‘बाई! रसिक आलेत! दहा वर्षांत लागोपाठ दोन दिवस कधी आले नव्हते. आणि त्यांच्या पिशवीत लोखंड आहे!’’

तिच्या मागून भाचाही आला. चार वाजायला वीस मिनिटं होती.

५

गवंडी आत आला तो दारातच थबकला. सत्तरीचा, वाळलेला, हातांच्या भेगांत कायमचा चुना. पिशवीतून त्यानं थापी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

‘‘आक्का, चूक झाली. चोरी नाही केली. परत ठेवायला आलोय. तिकीट काढलंय.’’

‘‘बसा,’’ पावतीबाई म्हणाल्या. ‘‘मी सांगते, चुकलं तर थांबवा. चित्रकारानं काम पुरं झालं की अंगठा उठवायचा. आणि काही बिघडलं, मोडलं, की भोवती खडूनं गोल काढायचा, म्हणजे कामगाराला कळावं काय दुरुस्त करायचं. आक्काच्या चष्म्याभोवती काढला तसा. तिरकी भिंत पुरी झाली तेव्हा त्यानं तिच्यावर अंगठा उठवला. पुढे भिंतीला भेग पडली, ती नेमकी त्या अंगठ्यातून. म्हणून आज अर्धा अंगठा इकडे आहे, अर्धा तिकडे. म्हणजे अंगठा आधी, भेग नंतर. भेग ही कलाकृती नव्हे साहेब, ती कलाकृतीला झालेली जखम होती.’’

‘‘त्यांनी सकाळी बोलावलं होतं,’’ गवंडी हळूच म्हणाला. ‘‘गोल काढून म्हणाले, आजच बुजव. मी म्हटलं, बुजवतो. चुना कालवला. ते म्हणाले, जरा बसतो. बसले ते बसलेच. मी डॉक्टरांना आणायला पळालो. परत आलो तर खोलीच्या दाराला वकिलांचं सील, आणि दुसऱ्या दिवशी माझी थापी यादीत.’’

‘‘मग काल काय झालं?’’ आक्कानं विचारलं.

‘‘दरवर्षी बघून जायचो. वडिलांची आठवण म्हणून थापी, आणि काळजी म्हणून भेग. बोटभर, बोटभर वाढत होती. यंदा वरच्या तुळईपाशी पोचली. अजून एक वर्ष काढलं असतं तर भिंत बसली असती आक्का, आणि वरचा मजला तिच्यावर. म्हणून डब्यातून चुना आणला, बाटलीतून पाणी. खडे खिशात. दुसरी थापी आणली असती तर दारावर काढून घेतली असती. म्हटलं, आत आहेच की आपली.’’

‘‘आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या,’’ तिकीटवाली म्हणाली.

‘‘हो ना! पन्नास वर्षं भिंती केल्या, पण टाळ्या पहिल्यांदाच. त्या गडबडीत गोल पुसला, थापी धुतली आणि पिशवीत टाकली. काम संपलं की हात तेच करतो. घरी बायकोनं विचारलं, ही कुठं सापडली? तेव्हा मला घाम फुटला.’’

पावतीबाईंनी आक्काकडे बघितलं. ‘हाताची सवय’ हे शब्द त्यांनी ओठांवरच ठेवले, पण आक्काला ऐकू आले.

‘‘गोष्ट छान आहे,’’ भाचा म्हणाला, ‘‘पण यादीत चारशे सतरा आहेत.’’

‘‘मृत्युपत्रात यादी कुठं आहे?’’ पावतीबाई म्हणाल्या. ‘‘ त्यात आहे ‘मी पुरी केलेली प्रत्येक वस्तू’. भेग, गोल, थापी आणि बादली वजा करा. चारशे तेरा राहतात. प्रत्येकीवर निळा अंगठा असला पाहिजे. वकीलसाहेब, चार वाजले. मोजा.’’

६

मोजणी पावणेसहापर्यंत चालली. वकील सोफ्याखाली झोपून अंगठा बघत होते, भाचा शिडी धरत होता, तिकीटवाली आकडे लिहीत होती. शेवटी सगळे दारापाशी जमले.

‘‘चारशे बारा,’’ वकील म्हणाले.

आक्का खाली बसली. भाच्यानं मोजपट्टी खिशातून बाहेर काढली.

‘‘कोणती राहिली?’’ पावतीबाईंनी विचारलं.

वकिलांनी यादीच्या अगदी वर बोट ठेवलं. ‘‘क्रमांक एक. ‘घर, संपूर्ण.’ सगळी दालनं बघितली. घराच्या नावाचा अंगठा कुठंच नाही.’’

मग गवंडी घसा खाकरून म्हणाला, ‘‘तुम्ही सगळे त्याच्यावर उभे आहात.’’

सगळे एकदम बाजूला झाले. गवंड्यानं वाकून दारातलं पायपुसणं उचललं. खाली उंबऱ्याच्या दगडावर धुळीचा जाड थर होता. आक्कानं फडकं पुढे केलं. दहा वर्षं हजारो लोकांनी ज्यावर पाय पुसले, तिथं सुपाएवढा नव्हे, अंगठ्याएवढाच, पण लख्ख निळा ठसा उमटला.

‘‘हा दगड मी बसवला, तेव्हा ते म्हणाले, घर पुरं झालं रे,’’ गवंडी म्हणाला. ‘‘मीच म्हटलं, वर पायपुसणं टाका, रंग टिकेल.’’

‘‘चारशे तेरा,’’ वकील म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

आता कुणी काय मोजलं ते बघू.

भाच्याची मोजपट्टी गेली. शिडी परत ठेवताना ती तिरक्या खोलीत घरंगळली आणि अजून सापडलेली नाही. जाताना मात्र तो आक्काला म्हणाला, ‘‘मावशी, सरळ घरात तू दोन दिवस टिकली नसतीस.’’ ती म्हणाली, ‘‘तू हॉटेलात एक दिवस टिकला नसतास. जेवायला येत जा.’’

समीक्षकाची सोळा पानं गेली, पुरवणीसकट. त्यानं लगेच नवा लेख लिहिला, ‘पूर्णता’ नावाचा.

वकिलांनी स्वतःच्या हातानं नवी यादी लिहिली, चारशे तेरा ओळींची, आणि शेवटी दिलगिरीची एक ओळ.

आक्कानं चष्म्याची काडी बसवून घेतली. मग फडकं ओलं केलं, टेबलावरचा गोल पुसला, थोडी रडली, आणि नीट दिसायला लागल्यावर म्हणाली की घर फारच वाकडं आहे.

गवंड्यानं मोजली अकरा तिकिटं. आक्का पैसे परत द्यायला गेली तर तो घेईना. ‘‘वडिलांची थापी आणि माझी भिंत एकाच ठिकाणी बघायला मिळत होती, तिकीट नको का? बादली तेवढी ठेवून घ्या. न्यायची तर चार माणसं लागतील.’’

आणि पावतीबाई. त्या सकाळी घाईघाईत मागच्या दारानं आल्या होत्या. घरी निघताना त्या खिडकीशी थांबल्या, एका तिकिटाचे पैसे ठेवले आणि हात पुढे केला.

‘‘अहो बाई, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!’’ तिकीटवाली म्हणाली.

‘‘घे. आणि पावती दे.’’